दुष्काळापासून दोन अपत्यांपर्यंत : भंडारा-गोंदिया परिसरातील जन्मदराच्या इतिहासाचा एक अभ्यास

प्रस्तावना

जन्मदर हा शब्द उच्चारला की आपल्याकडे राष्ट्रीय सरासरी पुढे ठेवली जाते. नमुना नोंदणी पद्धतीनुसार भारताचा जन्मदर १९७१ मध्ये दर हजारी ३६.९ होता, तो २०२० मध्ये १९.५ झाला. याच काळात महाराष्ट्राचा जन्मदर ३२.२ वरून १५.० वर आला. हे आकडे खरे असले तरी सरासरी हे एक सोयीचे आवरण असते आणि त्याखाली परस्परविरोधी इतिहास झाकले जातात. ग्रामीण, आदिवासीबहुल, उद्योगधंद्यांत मागे असलेल्या भागात मुले अधिक जन्मतात आणि सधन, बागायती, शहरी भागात कमी, असा एक समज पाठ्यपुस्तकांतून आणि त्याहून अधिक शासकीय भाषणांतून रूढ झाला आहे. गोंदिया जिल्हा या समजात बसत नाही. प्रस्तुत निबंधाचा विषय हीच विसंगती होय.

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. उत्तरेस मध्य प्रदेशातील बालाघाट, पूर्वेस छत्तीसगडमधील राजनांदगाव, दक्षिणेस गडचिरोली. गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्रीसारख्या गावातून निघालेला माणूस तास-दोन तासांत तीन राज्यांच्या आरोग्यव्यवस्था ओलांडू शकतो. धान, बोडी, मामा तलाव, तेंदूपत्ता आणि बिडी ही सीमेच्या दोन्ही बाजूंची समान ओळख आहे. नातीगोती तर राज्यांच्या सीमा जुमानतच नाहीत. त्यामुळे जन्मदराच्या प्रादेशिक भेदांची कारणे तपासण्यासाठी हा परिसर जणू निसर्गानेच मांडलेला प्रयोग आहे.

साधनांविषयी

ब्रिटिश मध्य प्रांतात जन्म-मृत्यूची वार्ता गावचा कोतवाल पोलीस ठाण्यात नेत असे. कोतवाल बहुधा निरक्षर असे. त्याच्या वहीत दुसऱ्याने लिहून दिलेल्या नोंदी असत आणि ठाण्यात त्यांची बेरीज होई. तरीही मध्य प्रांत व विशेषतः वऱ्हाड येथील नोंदी तत्कालीन भारतात तुलनेने चांगल्या मानल्या जातात. टिम डायसन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेला वऱ्हाडच्या लोकसंख्येचा शंभर वर्षांचा अभ्यास याच नोंदींवर उभा आहे. निरक्षर कोतवालाच्या पायपिटीवर आंतरराष्ट्रीय कीर्तीचे संशोधन उभे राहावे, ही गोष्ट आपल्या अभिलेखागारांकडे पाहण्याच्या दृष्टीविषयी काही सांगून जाते.

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानंतर हे काम ग्रामपंचायतीकडे आले. परंतु या कायद्यानुसार जन्माची नोंद घटना जेथे घडली तेथे होते, माता जेथे राहते तेथे नव्हे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे. त्यात प्रसूती दवाखान्यात होऊ लागली. मुर्रीतील सुनेचे पहिले मूल बालाघाट जिल्ह्यातील माहेरी जन्मले तर त्याची नोंद मध्य प्रदेशात होते आणि दुसरे गोंदियाच्या बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात जन्मले तर ते नगरपालिका क्षेत्रात मोजले जाते. मुर्रीच्या जन्मवहीत या दोघांपैकी एकही असणार नाही. गावची जन्मवही हातात घेऊन 'गावात मुले जन्मायची थांबली' असा निष्कर्ष काढणारा अभ्यासक प्रत्यक्षात प्रसूतीच्या जागेतला बदल मोजत असतो. शहराला लागून असलेल्या प्रत्येक गावाबाबत ही सावधगिरी आवश्यक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या जिल्हा पत्रकांत एकूण जननदर दिला जात नाही, आणि २०२१ ची जनगणना ठरल्या वर्षी झाली नाही. म्हणून जिल्ह्याविषयी बोलताना २०११ ची जनगणना आणि राज्यपातळीवरील सर्वेक्षण यांच्या आधारेच चालावे लागते.

दुष्काळ आणि जन्म

भंडारा जिल्ह्याच्या लोकसंख्येच्या इतिहासातील पहिली मोठी खूण १८९१ ते १९०१ या दशकात सापडते. १९०१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ६,६३,०६२ भरली. दहा वर्षांत सुमारे ११ टक्के घट झाली होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ आले. धान हे परतीच्या पावसावर अवलंबून असलेले पीक आहे. रोवणी उत्तम होऊनही शेवटचा पाऊस चुकला की लोंबीत दाणा भरत नाही. तलाव होते, पण तलाव पावसानेच भरतात.

दुष्काळात माणसे मरतात हे सर्वांना ठाऊक असते, दुष्काळात माणसे जन्मतही नाहीत याकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष उशिरा गेले. अरूप महारत्न यांच्या दुष्काळाच्या लोकसंख्याशास्त्रावरील १९९६ च्या ग्रंथात हा क्रम तपशिलाने मांडलेला आहे. अन्नटंचाई सुरू होताच, मृत्युदर शिखरावर पोहोचण्याच्या आधीपासून, गर्भधारणा घटू लागते. त्यामुळे जन्मदराचा तळ टंचाईनंतर सुमारे नऊ महिन्यांनी दिसतो. कुपोषणाने पाळी अनियमित होते, पुरुष कामाच्या शोधात किंवा दुष्काळी कामांवर दूर जातात, लग्ने पुढे ढकलली जातात. पुढे पीक चांगले आले की जन्मदर नेहमीच्या पातळीहून वर उसळतो, कारण तान्ही मुले दगावल्यामुळे मातांचे दूध थांबलेले असते आणि राहिलेली लग्ने एकदम होतात. या उसळीला त्या काळच्या अनेक अधिकाऱ्यांनी एतद्देशीयांच्या बेफिकिरीचा पुरावा मानले. तो शोकाचा हिशेब होता हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

याच दुष्काळांत स्त्रियांपेक्षा पुरुष अधिक प्रमाणात मेले. मध्य प्रांताच्या १९०१ च्या जनगणनेत स्त्रियांची संख्या पुरुषांहून जास्त भरली. आजच्या गोंदिया जिल्ह्यात २००१ मध्ये दर हजार पुरुषांमागे १००५ आणि २०११ मध्ये ९९९ स्त्रिया होत्या. एवढ्यावरून थेट शंभर वर्षांची साखळी जोडणे धाडसाचे ठरेल. पण या भागात मुलगी जगू दिली जाते, ही गोष्ट जुनी आहे एवढे तरी म्हणता येते.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाने वेगळ्या वयोगटावर घाला घातला. वीस ते चाळीस या वयातील स्त्री-पुरुष त्यात मोठ्या संख्येने गेले आणि भारतातील सर्वाधिक हानी झालेल्या प्रांतांत मध्य प्रांत व वऱ्हाड होता. याचा जन्मदरावरील परिणाम दुहेरी होता. १९१९ मध्ये जन्म कोसळले, कारण प्रजननक्षम वयातील स्त्रियाच मेल्या आणि उरलेल्यांपैकी अनेक विधवा झाल्या. शिवाय १८९७ ते १९०१ या काळात जन्मलेली पिढी आधीच विरळ होती आणि तीच पिढी आता संसाराला लागत होती. भारताची लोकसंख्या १९११ ते १९२१ या दशकात २५.२१ कोटींवरून २५.१३ कोटींवर उतरली. १९२१ ला 'महाविभाजनाचे वर्ष' म्हणतात ते यामुळे.

जन्मदर वाढल्याचा काळ

यानंतरचा टप्पा पाठ्यपुस्तकांत फारसा येत नाही. मृत्युदर घटल्यावर जन्मदर लगेच घटला नाही, उलट काही दशके थोडा वाढला. डायसन आणि मर्फी यांनी १९८५ मध्ये ही बाब अनेक देशांच्या संदर्भात दाखवून दिली. आपल्याकडील कारण वैधव्यात शोधावे लागते. पूर्वी तिशीच्या आत विधवा झालेल्या स्त्रीचे प्रजनन तेथेच थांबे. हिवताप, प्लेग आणि दुष्काळ ओसरल्यावर पती अधिक काळ जगू लागले आणि पत्नीचे प्रजननाचे वर्ष वाढले. ज्या जातींत विधवाविवाह निषिद्ध होता तेथे हा परिणाम तीव्र असणार. कुणबी, गोंड आणि इतर अनेक समाजांत पाटाची चाल असल्याने झाडीपट्टीत तो सौम्य असणार, असा माझा तर्क आहे. शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू होणार म्हणून त्याआधीच्या महिन्यांत देशभर बालविवाहांची घाई उडाली आणि १९३१ च्या जनगणनेत विवाहित बालकांची संख्या फुगली. कायद्याने जन्मदर कमी करू पाहणाऱ्यांनी हे उदाहरण नेहमी समोर ठेवावे.

संततिनियमनाचा विचार आणि शासन

महाराष्ट्रात संततिनियमनाचा विचार शासनाच्या फार आधी आला. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मारी स्टोप्स यांचे केंद्र उघडले तेही त्याच वर्षी. कर्व्यांना त्यासाठी प्राध्यापकाची नोकरी गमवावी लागली. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवले. नोव्हेंबर १९३८ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ठराव फेटाळला गेला. कर्वे आणि आंबेडकर यांच्या मांडणीत स्त्रीच्या शरीराचा व तिच्या इच्छेचा विचार केंद्रस्थानी होता, हे आवर्जून नोंदवले पाहिजे, कारण १९५२ नंतरच्या शासकीय कार्यक्रमात तो हळूहळू मागे पडला आणि त्याची जागा उद्दिष्टांच्या आकड्यांनी घेतली.

या आकड्यांचा कळस आणीबाणीत झाला. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२.६ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही. १९७७ च्या निवडणुकीनंतर पुरुष नसबंदी जवळजवळ संपली आणि सारा भार स्त्रियांवर आला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली, पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के होते. महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित स्त्रिया या शस्त्रक्रियेतून गेल्या आहेत. जन्मदरातील घसरणीला आपण यश म्हणतो तेव्हा ते कोणाच्या शरीरावर लिहिले गेले, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेत येतो.

सीमारेषेवरचा जिल्हा

डायसन आणि मिक मूर यांनी १९८३ मध्ये भारताचे दोन लोकसंख्या-प्रदेश कल्पिले आणि त्यांची विभागणी साधारणपणे सातपुड्याच्या रांगेने केली. उत्तरेत मुलगी दूरच्या अनोळखी गावी दिली जाते, माहेराशी तिचा संबंध क्षीण होतो, तिच्या शब्दाला किंमत उरते ती पुत्रवती झाल्यावर. दक्षिणेत लग्न नात्यात किंवा जवळपास होते आणि स्त्रीला घराबाहेर वावर असतो. पहिल्या प्रदेशात जन्मदर व बालमृत्यू अधिक, दुसऱ्यात कमी. गोंदिया याच रेषेच्या पायथ्याशी आहे. गोंडांमध्ये मामे-आत्येभावंडांच्या विवाहाला रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या ग्रंथात नोंदवलेले 'दूध लौटावा' हे नाव आहे : एका पिढीत घरातून गेलेले दूध पुढच्या पिढीत परत आणणे. मराठी कुणब्यांतही मामाची मुलगी चालते. त्याच वेळी माळव्यातून आलेल्या परंपरा सांगणारा पोवार समाजही येथे मोठ्या संख्येने आहे. म्हणजे रेषा जिल्ह्याच्या वरून जात नाही, ती गावातूनच जाते.

नात्यांच्या रचनेला महत्त्व आहेच, पण केवळ तिच्यावर थांबणे पुरेसे नाही. २००५-०६ मध्ये एकूण जननदर महाराष्ट्रात २.११, छत्तीसगडमध्ये २.६२ आणि मध्य प्रदेशात ३.१२ होता. २०१९-२१ मध्ये हेच आकडे अनुक्रमे १.७१, १.८२ आणि १.९९ झाले. पंधरा वर्षांत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांतील अंतर एक अपत्यावरून पाव अपत्याच्या जवळ आले. नातेसंबंधांची चाल पंधरा वर्षांत बदलत नाही. बदलले ते मुलींचे शिक्षण, लग्नाचे वय आणि अर्भकांचे जगणे. ज्यां द्रेझ आणि ममता मूर्ती यांनी १९८१ व १९९१ च्या जिल्हावार आकड्यांवरून हेच दाखवले : स्त्रीशिक्षण, बालमृत्यू आणि पुत्रलालसा यांचा जननदराशी स्पष्ट संबंध आढळतो, दारिद्र्य किंवा शहरीकरण यांचा तितका नाही. द्रेझ यांच्या त्याआधीच्या, १९९५ च्या सहलेखनातील अभ्यासात आदिवासींचे प्रमाण अधिक असलेल्या जिल्ह्यांत जननदर कमी असल्याचे दिसले होते. हा निष्कर्ष आपल्या चर्चासत्रांत क्वचितच ऐकू येतो.

गोंदियाची साक्षरता २०११ मध्ये ८४.९५ टक्के होती. २००१ ते २०११ या दशकात लोकसंख्यावाढ १०.१४ टक्के, राज्याची १५.९९. या वाढीत स्थलांतराचाही वाटा आहे, म्हणून तिला जन्मदर समजू नये. अधिक बोलका पुरावा विवाहवयाचा आहे. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी १८ वर्षांआधी विवाह झालेल्यांचे प्रमाण परभणीत ४८.० आणि बीडमध्ये ४३.७ टक्के होते, राज्याची सरासरी २१.९ होती, तर पूर्व विदर्भातील जिल्हे राज्यात सर्वात खालच्या गटात होते. बीडचे ऊसतोड कामगार वर्षातील कित्येक महिने घराबाहेर असतात. वयात आलेली मुलगी गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची हा त्यांचा प्रश्न असतो आणि जोडप्याच्या 'कोयत्या'ला मिळणारी उचल हे लवकर लग्न लावण्याचे आर्थिक कारण ठरते. झाडीपट्टीत रोजगार कमी असला तरी रोवणी, तेंदूपत्ता आणि बिडी यांत मुलगी घरी राहूनच कमावते. बिडी वळण्याचे काम मूल मांडीवर घेऊनही करता येते, म्हणून अशा कामामुळे अपत्यसंख्या आपोआप घटते असे मी म्हणणार नाही. पण कमावत्या मुलीच्या लग्नाची घाई आई-बापाला नसते.

सधन जिल्ह्यांचा इतिहास याच्या उलट बाजूचा आहे. २००१ मध्ये कोल्हापुरात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. बीडमध्ये २०११ साली ८०७. कुटुंब लहान झाले, पण त्यात मुलगा असलाच पाहिजे ही अट कायम राहिली, आणि ती अट सोनोग्राफी यंत्राने पुरी केली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात प्रथम कायदा करणारे राज्य महाराष्ट्र होते (१९८८), तरी हे घडले. जन्मदर कमी होणे म्हणजे प्रगती, हे समीकरण येथे मोडते.

बालमृत्यूच्या संदर्भात शेजारच्या गडचिरोलीचा उल्लेख टाळता येत नाही. डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातीलच स्त्रियांना नवजात बालकांच्या घरोघरी काळजीचे शिक्षण दिले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्यू दर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला. मूल जगेल याची खात्री वाटू लागल्याशिवाय कोणतीही माता दोनवर थांबत नाही. महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर १९७१ मध्ये शंभराहून अधिक होता, २०२० मध्ये तो १६ झाला. या उतरणीचा आणि जन्मदराच्या उतरणीचा मार्ग एकच आहे.

नियम आणि त्यांची किंमत

सीमेपलीकडे बालाघाटच्या बैहर भागात बैगा समाज आहे. अविभाजित मध्य प्रदेश शासनाने १९७९ मध्ये बैगांसह काही आदिम जमातींची नसबंदी करण्यास मनाई करणारा आदेश काढला. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असा की ज्या बैगा स्त्रीला अपत्ये पुरे वाटत होती तिला शासकीय दवाखान्यातून परत पाठवले जाई. अलीकडे तिच्याच जिल्ह्यातील इतर स्त्रियांची उद्दिष्टपूर्तीसाठी ने-आण होत होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूर जिल्ह्यातील शिबिरात एका डॉक्टरने काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया केल्या आणि त्या प्रकरणात १३ स्त्रिया मृत्यू पावल्या. गोंदियाहून निघालेली हावडा मार्गाची गाडी याच बिलासपूरला थांबते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये देविका बिस्वास प्रकरणात शिबिरपद्धती तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले.

महाराष्ट्रात पंचायत निवडणुकीसाठी दोन अपत्यांची अट आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेली व्यक्ती सदस्यत्वास अपात्र ठरते. राज्याचा जननदर प्रतिस्थापन पातळीच्या २.१ च्या खाली गेल्यालाही आता बरीच वर्षे झाली. ज्या स्त्रीला तिसरे मूल हवे की नको हे ठरवण्याचा अधिकार घरात नसतो, तिचेच सरपंचपद या अटीने जाते. महिलांसाठी निम्म्या जागा राखीव असलेल्या राज्यात हा विरोधाभास किती काळ चालणार, याची चर्चा विधिमंडळापेक्षा आपल्या सामाजिकशास्त्र विभागांत आधी व्हायला हवी.

जन्मदराच्या घसरणीचे पुढचे प्रश्न आता दारात आले आहेत. २० पेक्षा कमी पटसंख्येच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा प्रस्ताव राज्य शासनाने २०२३ मध्ये पुढे आणला. जंगलातील वस्तीवरच्या सहा-सात मुलांना दूरच्या गावी जावे लागले तर प्रथम शाळा सुटेल ती मुलींची, आणि मुलींची शाळा सुटली तर लग्नाचे वय खाली येईल. ज्या कारणाने जन्मदर घटला त्याच कारणावर घाव घालणारे हे धोरण ठरू शकते. दुसरा प्रश्न प्रतिनिधित्वाचा. लोकसभेच्या जागांची राज्यनिहाय संख्या १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेली आहे. ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. २०१९-२१ मध्ये बिहारचा जननदर २.९८ होता, महाराष्ट्राचा १.७१. जागांची फेरवाटणी केवळ शिरगणतीवर झाली तर मुली शिकवणाऱ्या आणि अर्भके जगवणाऱ्या प्रदेशांचा आवाज संसदेत क्षीण होईल.

या चर्चेत जिल्ह्याने आपली बाजू मांडायची असेल तर त्याला स्वतःचे आकडे लागतील. ग्रामपंचायतींकडील १९७० नंतरच्या जन्मवह्या आणि जुन्या कोतवाली नोंदींपैकी जे काही तहसील व पोलीस दप्तरांत उरले असेल ते, मातेच्या राहत्या गावानुसार पुन्हा लावून पाहण्याचे काम एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास आणि अर्थशास्त्र विभागांनी मिळून हाती घेतले, तर दोन-तीन वर्षांत मुर्रीसह गोंदिया तालुक्याच्या गावांचा पन्नास वर्षांचा आलेख तयार होऊ शकतो. कागद मात्र वाळवी लागण्याआधी उघडले पाहिजेत.